पडद्यावरचा परदेश

हिंदी चित्रपटातील परदेशी शहरांची ‘पलायनवाद’ या एका शब्दात बोळवण करणे समीक्षकाच्या सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. विचारावयाचे ते हे, की शहर तेथील जगण्यासह येते की त्यावाचून? ‘संगम’ (१९६४)मधील व्हेनिस किंवा ‘ॲन इव्हनिंग इन पॅरिस’ (१९६७)मधील पॅरिस हे संगीत नाटकातील रंगविलेल्या पडद्याचेच वंशज होत. नायकामागे ते शोभिवंतपणे उभे राहतात, इतकेच. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५)मध्ये मात्र ट्रॅफल्गार चौकात कबुतरांना दाणे टाकणाऱ्या बलदेवसिंगासाठी लंडन हे रोजच्या परकेपणाचे ठिकाण आहे. येथे स्थळ कथेत शिरते. पण प्रेम जुळवावयाचे म्हणताच तोच चित्रपट स्वित्झर्लंड गाठतो, आणि जुना पडदा पुन्हा सोडला जातो.