औदुंबराने मांडी घातलेली नाही

परवा भाचीच्या मुलीने फोनवर विचारलं, "आजी, 'औदुंबर'मधला डोह म्हणजे मृत्यू ना? आमच्या नोट्समध्ये तसंच आहे." आणि माझं डोकंच फिरलं.

बालकवींची ही अवघ्या आठ ओळींची कविता, आणि तिच्यावर अर्थांची केवढी ओझी! पांढरी पायवाट म्हणजे आयुष्य, काळा डोह म्हणजे मृत्यू, औदुंबर म्हणजे विरक्त योगी. त्यात १९१८ साली कवी २७ वर्षांचे असताना भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, म्हणजे त्यांना आधीच चाहूल लागली असणार! झालं. शब्द न वाचताच अर्थ तयार.

अहो, आधी भाषा बघा. शेवटी लाटांवर काळोखी पसरवतंय कोण? वाक्यातला कर्ता शोधा. औदुंबरच. त्याची दाट सावली पाण्यावर पडली आहे. काळा रंग म्हणजे मृत्यू असेल, तर तो पसरवणारा हा योगी कसला? आणि त्या काळेपणाला कवीने विशेषण दिलंय ते चवीचं, गोड. भर उन्हातून येऊन ओढ्याकाठच्या उंबराखाली जो टेकला आहे, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

नजर कशी फिरते तेही पाहा. झऱ्यावरून पलीकडच्या टेकडीजवळच्या गावाकडे, तिथून हिरव्या शेतांमधून पायवाटेने पुन्हा खाली, पाण्याशी. झरा वाहतोय, वाट चाललीय, लाटा हलताहेत. आठव्या ओळीत पहिल्यांदा कुणीतरी बसलेलं सापडतं. तेही कसं? पाण्यात पाय सोडून! योगी असा बसतो का हो? तो मांडी घालतो. (औदुंबर म्हटलं की आपल्याला दत्तगुरू आठवतात, तिथूनच हा योगी कवितेत शिरला असावा.)

कुणी म्हणेल, ज्याला त्याला अर्थ लावायची मुभा आहे. आहे ना, पण शब्दांना विचारून. कवितेत उदासी आहे हे मीही नाकारत नाही. ती आहे त्या एकट्याच्या बसण्यात.

पण मी तरी कोण मोठी शहाणी? वर्षानुवर्षं फळ्यावर आयुष्य, मृत्यू, योगी हेच लिहून दिलं. एकदा एका मुलीने पेपरात लिहिलं होतं, 'औदुंबर आमच्या आजोबांसारखा बसलाय. तेपण काम संपलं की पाटात पाय सोडून बसतात, कुणाशी बोलत नाहीत.' मी लाल पेनने 'प्रतीक लिहा' असा शेरा मारला आणि पाचपैकी दीड गुण दिला.

असो. भाचीच्या मुलीला म्हटलं, नोट्स मिट आणि कविता मोठ्याने वाच. तिने वाचली, 'गोड'पाशी जरा थांबली. मग म्हणाली, "पण आजी, परीक्षेत काय लिहू?"

अजून उत्तर दिलेलं नाही.