येसकरपाळी, रातपाळी आणि वही

दोस्तांनो, एकानं गोष्ट सुरू करायची, दुसऱ्यानं पुढं न्यायची, तिसऱ्यानं तिथून उचलायची, या प्रकाराला साहित्यिक मंडळी गंमत म्हणतात. संमेलनात जेवणं झाल्यावर खेळायचा खेळ. मला तो खेळ वाटत नाही.

पॅरिसमध्ये १९२५ च्या सुमारास आंद्रे ब्रेतोँ आणि त्याचे अतिवास्तववादी दोस्त असंच लिहीत. एकानं शब्द लिहून कागद दुमडायचा, पुढच्याला मागचं दिसू द्यायचं नाही. ठीक आहे. ज्यांच्या बापजाद्यांचं सगळं ग्रंथालयात छापून ठेवलंय त्यांनी खुशाल दुमडावा. आपल्या आज्या-पणज्याचं आजवर दुमडलेलंच होतं. आपल्याला कागद उघडा हवा.

पाळी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गावात महारवाड्यातली घरं आळीपाळीनं येसकरकी करीत. सांगावा पोचवा, मेलेलं ढोर ओढा आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागा. १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली. आज मी गोदीत रातपाळी करतो. आधीच्या टोळीनं जिथवर थप्पी लावली, तिथून आम्ही पुढं लावतो. वहीची पाळी मात्र आम्ही आपल्या मर्जीनं घेतली.

आमच्या टोळीतले सहाजण मिळून एका वहीत एक गोष्ट लिहितात. एकाची बोली मराठवाड्याची, एकाची कोकणातली. एकाला लिहिता येत नाही, तो सांगतो नि दुसरा उतरवतो. एका दिवाळी अंकाच्या संपादकांना ती आवडली. म्हणाले, भाषा जरा धुऊन घेऊ आणि सहा नावं बरी दिसत नाहीत, तुमचं एकट्याचं टाकू. मी कवी ना! मी नाही म्हणालो. टोळीतल्या दोघांना ते पटलेलं नाही. छापून आलं असतं तर काय बिघडलं असतं, असं ते विचारतात.

बिघडलं असतं. गड्यानं लिहिलंय, 'माय उपाशी निजली.' त्याचं 'मातेने निराहार रात्र काढली' झालं की भूक गेली, नुसतं व्रत उरलं. आणि नाव एकाचं लागलं की बाकीचे पाच त्याच्या गोष्टीतली पात्रं होतात. घाम सहाजणांचा, पगार मुकादमाच्या हातात, हे गोदीत कमी पाहिलं का आपण?

मग सुधारायचंच नाही? सुधारायचं की. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती आहे. तिथं लोरेंझो मिलानी नावाच्या पाद्र्यानं गोरगरिबांच्या पोरांची शाळा चालवली. सरकारी शाळेनं नापास केलेली पोरं तिथं शिकत. त्यातल्या आठजणांनी १९६७ साली एका मास्तरणीला पत्र म्हणून आख्खं पुस्तक लिहिलं. प्रत्येकाच्या खिशात टिपणवही. सुचेल ते सुट्या चिठ्ठीवर लिहायचं. मग सगळ्या चिठ्ठ्या एका टेबलावर टाकायच्या, ढीग लावायचे, एकेका ढिगाचं प्रकरण करायचं. शेवटी मिळून वाचायचं आणि फालतू शब्द छाटायचे. लिहिणारी तीच, छाटणारीही तीच. लेखक म्हणून नाव शाळेचं, पाद्र्याचंसुद्धा नाही.

आता थोडं आपल्याच छावणीबद्दल. आपल्या बैठकीत वही फिरली की कॉलेजातला मित्र वीस पानं भरतो आणि हमालाच्या वाट्याला शेवटची चार ओळी येते. बायांपर्यंत तर वही जातच नाही. त्या चहा देतात. ही पण एक येसकरकीच, साली, आपण घरात चालू ठेवलेली.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. कुणीही लागोपाठ दोनदा लिहू नये. मागच्याचं खोडू नये. पटलं नाही तर पुढच्या पानावर गोष्टीतच भांडावं. ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगावं आणि दुसऱ्यानं तसंच उतरवावं. छाटायचं ते सगळे बसल्यावर, मोठ्यानं वाचून. नावं सगळ्यांची, नाहीतर कुणाचंच नको.

दिवाळी अंक नाही छापणार? नको छापू दे. सायक्लोस्टाईलवर आपले बाप पत्रकं काढायचे, आपल्याकडं निदान झेरॉक्स आहे. त्या दोघा दोस्तांना हेच माझं उत्तर. पुढची पाळी त्यांचीच आहे. माझं पटलं नसेल तर तसं वहीत लिहावं, मी खोडणार नाही.

जयभीम.