व्हाया क्रू जंक्शन

२०१५ साली एफसी पुणे सिटी या फुटबॉल संघानं डेव्हिड प्लॅट नावाच्या इंग्रजाला प्रशिक्षक नेमलं. संघाच्या मालकांत हृतिक रोशन, त्यामुळे पेपरात फोटो त्याचेच जास्त. बालेवाडीच्या मैदानावर सामने झाले, आठ संघांत पुणे सातवं आलं, आणि प्लॅटसाहेब एका हंगामात परत गेले. आदल्या वर्षी मुंबई सिटीनं पीटर रीडला आणलं होतं. १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोना तो गाजलेला गोल करायला सुटला, तेव्हा मागं पडलेल्या इंग्रजांत हा रीडही होता. मुंबईसुद्धा आठांत सातवीच. महाराष्ट्राला लागोपाठ दोन वर्षं इंग्रज साहेब मिळाला आणि सोबत सातवा नंबर.

पण प्लॅट माझ्या लक्षात राहिला तो पुण्यामुळे नाही, क्रूमुळे.

क्रू हे इंग्लंडमधलं रेल्वेचं गाव. आपल्याला गोंदिया जसं जंक्शन, तसं तिकडं ते. १८४३ पासून तिथं रेल्वेचा कारखाना, आणि १८७७ पासून क्रू अलेक्झांड्रा हा फुटबॉल क्लब. संघाचं टोपणनावच ‘रेल्वेवाले’. मैदान स्टेशनाजवळ. १९८५ साली हा क्लब चौथ्या श्रेणीत होता, म्हणजे त्या काळच्या लीगची शेवटची पायरी. त्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडनं अठरा वर्षांच्या प्लॅटला ‘तू आमच्या कामाचा नाहीस’ म्हणून मोकळं केलं. पोरगा घरी बसला नाही. तो क्रूला गेला आणि तीन वर्षांत तिथं पन्नासहून जास्त गोल केले. १९८८ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलानं दोन लाख पौंड मोजून त्याला नेलं.

पुढचं सगळं भराभर घडलं. १९९० चा विश्वचषक, इटलीतलं बोलोन्या शहर, समोर बेल्जियम. प्लॅट बदली खेळाडू म्हणून उतरलेला. जादा वेळही संपत आलेली, ११९ वं मिनिट, गोलफलक कोरा. गॅस्कॉइननं फ्री किक उचलून मारली. चेंडू खांद्यावरून येत होता, गोलकडे प्लॅटची पाठ. त्यानं गिरकी घेतली आणि चेंडू जमिनीला लागायच्या आत जाळ्यात घातला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे जवळपास तीन वाजले होते आणि धानाच्या पऱ्ह्यांचे दिवस होते. आमच्या झाडीपट्टीत ज्याला पहाटे बांधीवर जायचं होतं, त्यानं तो गोल पाहिला असण्याची शक्यता कमीच. त्यानंतर कॅमेरूनविरुद्धही त्याचा गोल, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बारी शहरात इटलीविरुद्धही. वर्षभरात त्याच बारीच्या क्लबनं ५५ लाख पौंड देऊन त्याला विकत घेतलं. तिथून युव्हेंटस, सॅम्पडोरिया, आणि १९९५ मध्ये आर्सेनल. इंग्लंडकडून ६२ सामने, २७ गोल, आणि कप्तानीसुद्धा. १९९७ च्या नोव्हेंबरात आर्सेनलनं मँचेस्टर युनायटेडला ३-२ हरवलं, तेव्हा विजयाचा गोल प्लॅटनं डोक्यानं मारला. ज्यांनी मोकळं केलं होतं, त्यांच्याच जाळ्यात. सूड वगैरे मी म्हणणार नाही, पण ते वाचून मला बरं वाटलं हे खरं.

पऱ्हे टाकलेल्या जागीच भरत नाहीत. उपटून दुसऱ्या बांधीत रोवावे लागतात. प्लॅटला ती दुसरी बांधी मिळाली. आपल्या पोट्ट्यांना ती कुठं आहे?

शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या. तालुका, जिल्हा, विभाग असं करत नशीब असेल तर राज्य. एकोणीस संपलं की खेळ संपला. मग उरतं ते प्रमाणपत्र, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाच्या आशेनं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर पळायचा सराव सुरू होतो आणि चेंडू कोपऱ्यात जातो. मी त्यांना दोष देत नाही. घरी धानाच्या चार बांध्या असलेल्या बापाला फुटबॉल हे करिअर म्हणून कसं पटवायचं? कामठीचा रब्बानी क्लब, नागपुरातले जुने क्लब, विजय बारसेसरांचं वस्तीतल्या मुलांचं स्लम सॉकर, ही कामं मोठी आहेत. पण ती नागपूरच्या अंगणात, आणि आमच्या अर्जुनीहून नागपूर लांब.

आमच्या तालुक्यात फुटबॉल मनापासून जपला तो तिबेटी लोकांनी. गोठणगावजवळ १९७२ साली त्यांची नॉर्गेलिंग वसाहत झाली. आपण तिला कॅम्पच म्हणतो. दलाई लामांच्या आईच्या स्मरणार्थ १९८१ पासून वसाहती-वसाहतींच्या संघांत गोल्ड कपची स्पर्धा भरते. ज्यांना स्वतःचा देश राहिला नाही, त्यांनी २००१ मध्ये कोपनहेगनला ग्रीनलँडविरुद्ध तिबेटचा संघ उतरवला. ४-१ नं हरले. २०१८ मध्ये मान्यता नसलेल्या संघांच्या विश्वचषकासाठी लंडनलाही जाऊन आले. त्यांच्यासाठी कुणी कोट्यवधी मोजले नव्हते. फक्त खेळत राहायला जागा आणि कारण होतं.

पुण्याच्या त्या संघाचं काय झालं? २०१९ मध्ये तो बंद पडला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. क्रू अलेक्झांड्रा अजून खेळतो आहे. कधी वर चढतो, कधी खाली येतो.

माझं मागणं प्लॅटसाहेब आणा असं नाही. आठ संघांची एक तालुका लीग हवी: अर्जुनी, नवेगावबांध, बोंडगावदेवी, महागाव, केशोरी, गोठणगाव, इटखेडा आणि कॅम्प. वयाची अट नको. धान निघालं की सुरू करायची, रोज नाही, दर रविवारी. मंडईत रात्रभर नाटकाला तिकीट काढून बसणारी आणि शंकरपटाला उन्हात उभी राहणारी माणसं दोन तासांच्या सामन्याला नक्की येतील. वेळापत्रक करताना एक तेवढं पाहावं: अर्जुनीचा पहिलाच सामना कॅम्पशी ठेवू नये. उद्घाटनाला आमदार येणार, आणि त्यांच्यासमोर सहा गोल खायची हौस आपल्याला नाही.