गाडीचे हँडल आणि हाताच्या मुंग्या

गेल्या पावसाळ्यात पाटण भागातील तेवीस वर्षांचा एक तरुण वडिलांसोबत माझ्या दवाखान्यात आला. दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका यांना मुंग्या येतात, पहाटे मोटारसायकलवरून दुधाचे कॅन कराडला पोहोचवून आले की चहाचा कपही धड धरवत नाही, अशी त्याची तक्रार होती. वडिलांना मधुमेहाची शंका होती. साखर तपासली, ती ठीक निघाली. मानेतही दोष दिसला नाही. मी विचारले, "गाडीचं हँडल मूळचंच आहे ना रे?" मुलगा घुटमळला. वडीलच म्हणाले, "दोन महिन्यांमागं बदललंय, डॉक्टरसाहेब. तवापासनं वाकूनच बसतोय."

रोगाचे मूळ दवाखान्याबाहेर लिंबाखाली उभे होते.

आपल्या तळहातात करंगळीच्या बाजूने अल्नर नावाची नस जाते. हँडल खाली आणि पुढे गेले की वरच्या अंगाचा भार मनगटांवर येतो. त्यात आपल्या रस्त्यांचे खड्डे! नस रोज दाबली जाते, हादरे खाते आणि करंगळी, अनामिका बधिर होतात. मनगट सतत मुडपलेले राहिले तर मधली मीडियन नस दबते. मग अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येतात. याउलट हँडल फार उंच असेल तर हात सतत वर धरावे लागतात, खांदे भरून येतात आणि हात जड पडतात.

पुढची गोष्ट अधिक गंभीर होती. इंजिन चालू ठेवून मी हँडल डावीकडे पूर्ण वळवले, तर इंजिनचा आवाज आपोआप वाढला. अ‍ॅक्सिलरेटरची केबल वाकडी-तिकडी फिरवल्याने वळताना ताणली जात होती. शेजारच्या जुन्या मेकॅनिकला बोलावून हँडल उघडायला लावले. गाडी 'साफ' दिसावी म्हणून हॉर्न, इंडिकेटर, दिवा आणि ब्रेक लाइटच्या सगळ्या वायरी हँडलच्या नळीतून ओढलेल्या होत्या. भोकांच्या कडांना ना घासकाम, ना रबरी कडी. दोन वायरींचे आवरण घासून आतले तांबे दिसत होते. ते नळीला टेकले की शॉर्ट होऊन फ्यूज उडणार. पहाटेचा अंधार, पाऊस, मागे चाळीस लिटर दूध आणि दिवा बंद! वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

हँडल बदलणे हे पाप नव्हे. कुणाची उंची फार असते, कुणाचा खांदा आखडलेला असतो; अशा माणसाला हाताच्या मापाचे हँडल औषधासारखे उपयोगी पडते. पण केवळ दिसण्यासाठी वायरी आत घेणे मला पटत नाही. भोके पाडल्याने नळी कमजोर होते, विशेषतः क्लॅम्पजवळ, जिथे जोर सर्वांत जास्त येतो. शिवाय आत झाकलेला दोष रोजच्या नजरेला पडत नाही. बाहेरची वायर झिजली तर पुसतानाही कळते.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून आधी आरटीओ कार्यालयात विचारावे, मग गॅरेजची पायरी चढावी.

ज्यांनी हँडल आधीच बदलले आहे, त्यांनी आजच एवढे करावे. गाडीवर बसल्यावर कोपरे किंचित वाकलेली आणि बोटे ब्रेकवर ठेवली असता मनगटे सरळ आहेत का, ते पाहावे. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. कोणतीही केबल, वायर किंवा ब्रेकची नळी ताणता कामा नये, इंजिनचा आवाज बदलता कामा नये. दोन्ही टोकांना हॉर्न, दिवा, इंडिकेटर, ब्रेक लाइट लावून पाहावेत.

त्या मुलाने जुने हँडल परत बसवले. उजवा हात दीड महिन्यात सुधारला. डाव्या करंगळीची ताकद मात्र अजून पुरती आलेली नाही. नस फार दिवस दबली तर पंजाचे स्नायू सुकतात आणि ते पूर्ववत होतीलच असे सांगता येत नाही. म्हणून तरुण मित्रांनो, मुंग्या दोन आठवड्यांत थांबल्या नाहीत किंवा पकड ढिली वाटली, तर शक्तीच्या गोळ्या खात बसू नका. डॉक्टरांकडे या, आणि येताना गाडीही घेऊन या.