झाडपाल्याचा भ्रम आणि अर्धी मात्रा

कागल-हातकणंगलेची औद्योगिक वसाहत ‘पंचतारांकित’ म्हणवते. हे बिरूद कारखान्यांना मिळणाऱ्या सोयींचे आहे. परप्रांतातून आलेला कंत्राटी मजूर ज्या खोलीत दाटीने राहतो, त्या खोलीचे नव्हे. या मजुराला हिवताप जडला की काढा सुचविणारे हितचिंतक भेटतात. त्यांचे म्हणणे असे की, गोळीला जंतू सरावतात, झाडपाल्याला कधीच नाही.

इतिहास याच्या नेमका उलट आहे. क्विनीन हे सिंकोनाच्या सालीतूनच आले. त्याला दाद न देणाऱ्या हिवतापाची नोंद ब्राझीलमध्ये १९१० सालीच झाली. आर्टेमिसिया ही चिनी परंपरेतील तापावरची वनस्पती. तिच्यातील गुणकारी द्रव्य तू यूयू यांच्या गटाने १९७२ मध्ये वेगळे केले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यापूर्वीच, २००८-०९ च्या सुमारास, पश्चिम कंबोडियातील जंतू या औषधाने सावकाश मरू लागल्याचे दिसून आले होते. पुढे रवांडा आणि युगांडा येथेही तोच अनुभव आला.

जंतू औषधाचे कुळ विचारीत नाही. मात्रा अपुरी पडली की दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. काढ्यात अनेक द्रव्ये असतात, म्हणून तो सुरक्षित, हा युक्तिवाद येथेच कोसळतो. कारण जमीन, हंगाम व उकळण्याची रीत यांनुसार त्यातील गुणकारी अंश बदलतो. अपुरी मात्रा देण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये या द्रव्याच्या गोळ्या एकट्या न देता जोडऔषधासह द्याव्यात, असा आग्रह धरला.

तथापि, सारा दोष मजुराच्या अज्ञानावर ढकलणे हा ढोंगीपणा होय. हिवतापाच्या एका प्रकारात, तो उलटू नये म्हणून, चौदा दिवस गोळ्या घ्याव्या लागतात. ज्याचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची उपासमार, तो रक्त तपासून घेण्यासाठी रांगेत उभा कसा राहणार? ताप उतरताच तो भट्टीवर परततो आणि उरलेल्या गोळ्या खिशातच राहतात. अर्धी मात्रा ही अर्ध्या मजुरीचीच सावली आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी काढ्याच्या बाटलीशी हुज्जत घालून थांबू नये. आजारपणाची पगारी रजा, वसाहतीतच रक्ततपासणी, पुरी औषधे आणि राहण्याजोगी घरे यांसाठी लढा उभारावा. त्याविना पाच तारे कारखान्याच्या फाटकावरच लटकत राहतील.