अवेळी ऑप्टिमायझेशन आणि विंचेस्टर ७३

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे.

अमेरिकेत "काउबॉय ॲक्शन शूटिंग सुरू करायचंय" असं नुसतं बोलून बघा. सल्ला लगेच हजर! "सेव्हंटी-थ्री घे, थर्टी-एट स्पेशलमध्ये, आणि घेतानाच शॉर्ट स्ट्रोक किट बसवून घे. बाकी सगळं भंगार." सांगणारे बहुतेक वेळा चांगले नेमबाज असतात, आणि मनाने तर हमखास चांगले. पण नवशिक्यासाठी हा सल्ला साफ चुकीचा आहे. कोड लिहून पोट भरणाऱ्यांना तरी हे चटकन कळायला हवं.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. १९८७ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी याचे नियम ठरवते. जुन्या वेस्टमधला पोशाख, स्वतःसाठी घेतलेलं एक टोपणनाव आणि चार बंदुका: दर वेळी घोडा अंगठ्याने ओढावा लागतो अशी दोन रिव्हॉल्वरं, रिव्हॉल्वरचंच काडतूस चालणारी लीव्हरची रायफल आणि जुन्या धाटणीची शॉटगन. जवळच लावलेल्या पोलादी पाट्या ठरलेल्या क्रमाने वाजवायच्या. लागलेला वेळ हाच स्कोअर, आणि चुकलेल्या प्रत्येक नेमाला ५ सेकंद दंड.

आता ७३ बद्दल. तिच्या आत गुडघ्यासारखे दुमडणारे सांधे असतात. लीव्हर खाली ओढला की सांधे दुमडतात आणि एक ठोकळा काडतुसाला लिफ्टसारखा सरळ वर आणतो. त्यामुळे चाल एकदम लोण्यासारखी! शॉर्ट स्ट्रोक किट या सांध्यांची भूमिती बदलतं, मग लीव्हर आणखी कमी फिरवावा लागतो. इंजिनिअर म्हणून मला या यंत्राचं कौतुकच आहे.

पण हिशोब करू. धरून चला, नवशिक्याला रायफलच्या १० गोळ्यांना १२ सेकंद लागतात. किटमुळे दर गोळीमागे एक दशांश सेकंद वाचला असंही समजू. एकूण बचत १ सेकंद. एक नेम चुकला की ५ सेकंद गेले. म्हणजे पाच स्टेजची कमाई एका पाटीत खल्लास!! वेळ जातोय तो पुढची पाटी शोधण्यात, क्रम आठवण्यात, रायफल ठेवून शॉटगन उचलण्यात. आपल्या धंद्यात काय शिकवतात? आधी मोजा, अडतंय कुठे ते बघा, मग वेग वाढवा. इथे मात्र प्रोग्रॅम चालण्याआधीच ऑप्टिमायझेशन!

दुसरा पंथ मजबुतीवाल्यांचा. "जॉन ब्राउनिंगची १८९२ जास्त मजबूत, .४४ मॅग्नमसुद्धा सहज पचवते." खरं आहे. पण या खेळात रायफलच्या गोळीचा वेग सेकंदाला १४०० फुटांच्या आत ठेवावा लागतो. ती मजबुती तुम्ही वापरणार कधी? चार जणांच्या वेबसाइटसाठी सर्व्हरची फौज भाड्याने घेण्यातला हा प्रकार.

तिसरा पंथ अस्सलवाल्यांचा. यांना .४४-४० च हवं, कारण १८७३ च्या मॉडेलची सुरुवात त्याच काडतुसाने झाली. काळी दारू वापरणार असाल तर ते उत्तमच, पातळ तोंडाचं ते काडतूस चेंबर छान बंद करतं. पण नवशिक्याला ते घरी भरायला नाजूक. आणि अस्सलपणाचं म्हणाल तर पडद्यावरच्या जॉन वेनच्या हातातही, १८९२ च्या आधी घडणाऱ्या गोष्टींत, १८९२ चंच मॉडेल असायचं. कुणाचं काही बिघडलं नाही.

मग घ्यायचं काय? रिव्हॉल्वरं .३८ स्पेशलची असतील तर तेच काडतूस चालणारी साधी रायफल: १८९२ ची एखादी नक्कल, मार्लिन १८९४, किंवा परवडत असेल तर काहीही न बदललेली ७३. घेण्याआधी खांद्याला लावून बघा, आणि तुम्ही वापरणार तेच काडतूस तिच्यातून विनातक्रार सरकतं का ते तपासा. ७३ चा तो लिफ्टवाला ठोकळा काडतुसाच्या लांबीबाबत भलताच काटेकोर असतो. वाचलेल्या पैशाची काडतुसं घ्या आणि सराव करा. वर्षभराने लीव्हरच आडवा येतोय असं घड्याळ सांगू लागलं, तर खुशाल बसवा किट.

एच-१बी वाल्यांनो, एक मिनिट. बिगर-स्थलांतरित व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक जवळ बाळगायलाही सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. रायफल निवडण्याआधी वकील निवडा.

एवढं चिडायचं कारण? चार बंदुका, पट्टे, बूट, टोपी... हा खेळ आधीच महाग. त्यात दारातच "ट्यून केलेली ७३ नसेल तर येऊ नकोस" असा सूर लागला, की नवा माणूस उलट्या पावली परत जातो. मग वेगवान रायफली घेऊन तेच ते दहा जण एकमेकांना हरवत बसणार. त्यापेक्षा सल्ला देणाऱ्यांनी आपली रायफल दोन स्टेज नवशिक्याच्या हातात द्यावी. खरेदीचं नंतर बघू.