सायकलवाल्यालाही कायदा आहे

पहिल्या पाळीला निघालेला कामगार, दूधवाला, पेपर टाकणारा पोरगा यांची सायकल चौकात अडवली की आधी 'अरे-तुरे' होते, मग कधी चाकातली हवाही जाते. मोटारवाल्याला मात्र बहुधा 'साहेब' म्हणून पावती मिळते. हा भेद कायद्याने केलेला नाही.

सिग्नल, एकेरी रस्ता, सायकलबंदीची पाटी आपणही पाळलीच पाहिजे. चुकलो तर नियमाप्रमाणे दंड भरावा, पण पावती घेऊनच. साधी सायकल १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले 'मोटार वाहन' नव्हे. तिला लायसन लागत नाही, की आरसी बुक. आणि थप्पड मारणे, हवा सोडणे ही शिक्षा तर कोणत्याही कायद्यात नाही.

प्रकरण अटकेपर्यंत गेलेच, तर संविधानाचे कलम २२ आठवा. ही तरतूद बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत मांडली. अटकेचे कारण सांगणे, वकिलाला भेटू देणे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. घरच्यांना कळवलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात बजावले.

म्हणून हुज्जत घालू नका. पोलिसाचे नाव, बक्कल नंबर, वेळ, ठिकाण त्याच दिवशी लिहून ठेवा. वरिष्ठांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. राज्य मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते; फी लागत नाही. मुलाच्या हाती सायकल द्याल, त्या दिवशी एवढे त्यालाही सांगा.